भाडेकरूंची शाळा

माझं लहानपण भोसरीत भाड्याच्या खोल्यांमध्ये गेलं. वडील एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. वर्षभर एका जागी राहिलो की खोली सोडायची वेळ यायचीच. कधी मालकाच्या मुलाचं लग्न निघायचं, कधी वर मजला चढवायचा असायचा. मग रविवारी दुपारी आम्ही खोल्या बघायला निघायचो. वडील पुढं, आई आणि मी मागं. गल्लीगल्लीतून यंत्रांचा एकसुरी आवाज येत राहायचा, आणि त्या आवाजात चालता चालता मला गुंगी आल्यासारखं व्हायचं. आई उंबऱ्याबाहेर उभी राहूनच आत बघायची आणि माझ्या कानाशी पुटपुटायची, "इथं गॅस बसेल. इथं तुझं दप्तर. तिथं खिडकीत तुळस." मालकाशी बोलणं सुरू व्हायच्या आत तिचा संसार तिथं मांडूनही झालेला असायचा.

"गाव कुठलं?" मालक वडिलांना विचारायचा.

"करमाळ्याकडचे आम्ही."

"बरं. आडनाव काय म्हणालात?"

वडील आडनाव सांगायचे. ते कधी अडखळले नाहीत, आवाजही खाली आणला नाही. मालक थोडा वेळ कुठंतरी लांब बघत राहायचा. मग म्हणायचा, "घरात विचारून कळवतो." आई माझा हात धरायची आणि आम्ही पुढच्या गल्लीत शिरायचो.

खोली मिळाली तरी पहिले काही दिवस आई निळ्या कोटातली ती तसबीर ट्रंकेतच ठेवायची, लुगड्याच्या घडीत. वडिलांना ते आवडायचं नाही. "घर आपलं आहे ना?" ते म्हणायचे. "भाड्याचं आहे," आई म्हणायची. पुढं शेजारणीशी वाटीभर साखरेची देवाणघेवाण सुरू झाली, की एखाद्या सकाळी ती स्वतःच स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकायची. त्या ठोक्यांनी मला जाग यायची. आता आपण इथले झालो, असं मी अंथरुणातच समजायचे.

न मिळालेल्या खोल्या मला स्वप्नात दिसायच्या. स्वप्नात त्या सगळ्या एकमेकींना लागून असायच्या. पोपटी दाराच्या खोलीतून निळ्या भिंतीच्या खोलीत जाता यायचं, तिथून जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत. कुठंच मालक नसायचा. आईची तुळस मात्र प्रत्येक खिडकीत असायची. मी त्या खोल्यांमधून हिंडत राहायचे आणि सकाळी उठल्यावर आईला विचारायचे, "आपण तिथं का नाही राहिलो?" ती म्हणायची, "त्यांना पाहुणे येणार होते." बरीच वर्षं मला वाटायचं, भोसरीत पाहुणे फार येतात.

मोठी झाल्यावर मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला लागले. नोकरी करता करता संध्याकाळच्या कॉलेजात वकिलीचं शिकले. वकिली काही केली नाही. तेव्हा घरात पगार लागत होता, आणि पुढं ते राहून गेलं ते गेलंच. पण काही वकील बायका मिळून वस्त्यांमध्ये साध्या भाषेत कायदा सांगायचं काम करत होत्या, त्यांच्याबरोबर सुटीच्या दिवशी मी जायला लागले. बहुतेक वेळा विषय असायचा घरगुती मारहाण किंवा पोटगी. घराचा विषय माझ्याकडं आला तो कारखान्यातल्या एका मैत्रिणीमुळं.

ती पॅकिंगला होती. मूळची बीडची, नवरा चाकणला एका कंपनीत कंत्राटावर. कुरुळीत खोली घेऊन राहायचे. हिवाळ्यातली एक सकाळ होती. ती कामावर आली ती ओल्या केसांनी आणि रागानं लाल झालेली.

"काय झालं गं?"

"शेजारच्या गल्लीतून हंड्यानं पाणी आणून आंघोळ केली. आमच्या लाइनीचं पाणीच बंद केलंय. मालकाच्या पोरानं वॉल फिरवला आणि किल्ली खिशात घातली."

"का?"

"सगळ्या फॅमिल्या बाहेर काढायच्यात त्याला. त्या जागी कॉट बेसिसवर पोरं ठेवायचीत. आम्ही म्हटलं, शाळा चालू आहेत लेकरांच्या, उन्हाळ्यात जातो. तर पाणीच तोडलं."

मी सहज म्हणाले, "असं करता येत नाही त्याला. पाणी, वीज तोडणं हा गुन्हा आहे. भांडण काहीही असू दे."

ती म्हणाली, "हे तू मला इथं सांगून काय उपयोग? रविवारी ये आणि सगळ्यांसमोर सांग."

त्या रविवारी मी कुरुळीला गेले. नाशिक रस्त्यावर शेअर रिक्षातून उतरले तेव्हा दुपार कलायला लागली होती. नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर एकामागून एक जात होते आणि त्यांच्या मागं उडालेली धूळ उन्हात सोनेरी होऊन हवेतच थांबून राहत होती. आत गावाकडं वळलं की आवाज एकदम बारीक होई. ज्वारीचा एक तुकडा, त्यापलीकडं कंपनीची भिंत, मग पुन्हा ज्वारी. आणि त्या सगळ्याच्या मधोमध पत्र्याच्या छपराच्या खोल्यांची लांब रांग, समोर अंगण, अंगणात एक बाभूळ.

अंगणात बायका जमल्या होत्या, काही पुरुषही. पण निम्म्याहून जास्त लोक रात्रपाळी करून आलेले. कुणी भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेलं, कुणी पोराला मांडीवर घेऊन पेंगणारं. एक जण तर बाजेवर तोंडावर टॉवेल टाकून सरळ झोपलाच होता. एवढ्या झोपाळू सभेसमोर मी आधी कधी बोलले नव्हते. आवाज चढवायचं माझ्या जिवावर आलं. मी खाली सतरंजीवर बसले आणि अंगाई म्हणावी तशा आवाजात बोलायला लागले.

म्हणाले, आधी तुम्ही सांगा. खोली शोधताना तुम्हाला काय काय कारणं सांगून नाही म्हटलंय?

एक जण म्हणाली, "मटण खाता का म्हणाले." दुसरी म्हणाली, "मी एकटी आहे म्हणून. नवरा कुठंय, कधी येणार, येणारच आहे का." कुणी म्हणालं, लेकरं लहान आहेत, रडतील. कुणाला परराज्यातले म्हणून, कुणाला तुमच्याकडचे लोक पाणी जास्त वापरतात म्हणून. बाजेवरच्या माणसानं टॉवेल न काढताच सांगितलं, "मला म्हणले, तू घोरत असशील." सगळे हसले. हसता हसता जागे झाले.

मग मी सांगत गेले. करार लिहून, नोंदवून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. दिलेल्या भाड्याची पावती मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. खोली खाली करायला लावायची तर त्याचा कायद्याचा रस्ता आहे. कुलूप तोडून सामान बाहेर फेकणं हा तो रस्ता नव्हे. आणि पाणी, दिवा, संडास हे कुणालाही बंद करता येत नाही. मी बोलत होते आणि समोरच्या चेहऱ्यांवर ऊन हळूहळू सरकत होतं. एक बाई माझं प्रत्येक वाक्य ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून बघत होती. पाठ होईल म्हणून नव्हे. तोंडात कसं लागतं ते बघावं, तशी.

"कोन हाय गं ही?"

रांगेच्या टोकाला मालकांचं सिमेंटचं घर होतं. त्याच्या पायऱ्यांवर एक म्हातारी उभी होती. नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात पानसुपारीची चंची. अंगणातल्या बायकांनी पदर सावरले. मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, "आक्का. मालकाची आई. जमीन हिच्या नावावर आहे."

मी उठून उभी राहिले. "नमस्कार आक्का. भाडेकरूंना कायदा सांगतेय."

"मग सांग की. मी बी ऐकते." ती पायरी उतरून आली आणि सतरंजीवर माझ्यासमोरच बसली. "पर एक सांग. मालकाला काय हक्क न्हाई व्हय? शेतं कंपनीत गेली. आता ह्या खोल्या हेच आमचं पीक. उद्या कुनी खोली बळकावून बसला, मंग?"

"हक्क आहे आक्का. करार नोंदवलेला असला की तो तुम्हालाही सांभाळतो. मुदत संपली आणि कुणी उठत नसेल, तर दाद मागायची जागा आहे."

तिनं मान डोलावली. चंचीतून सुपारीचं खांड काढून तोंडात टाकलं. "आन् पान्याचं काय म्हनत हुतीस?"

मी पुन्हा सांगितलं. ती ऐकत असताना तिचा चेहरा कसा बदलला ते मला नीट आठवतं. तिला हे माहीतच नव्हतं. मुलानं तिला सांगितलं होतं की मोटर जळली आहे. तिनं माझ्या मैत्रिणीकडं बघितलं. "कवापासनं न्हाई गं पानी?" मैत्रिणीनं सांगितलं. आक्का उठली, घराकडं तोंड करून मुलाला हाक मारली. पांढरा शर्ट घातलेला तिशी ओलांडलेला माणूस कानाला फोन लावून बाहेर आला.

"किल्ली आन."

"आई, तुला कळत नाय त्यातलं."

"पान्यातलं मला कळत न्हाई? शेंदून शेंदून हात गेलं माझं. किल्ली आन."

तो फोनवर "नंतर करतो भाऊ" म्हणाला आणि आत गेला. किल्ली घेऊन तोच बाभळीमागं जाऊन वाकला. काही क्षण काहीच झालं नाही. मग नळाच्या तोंडातून आधी हवा आली, एक लांब उसासा टाकल्यासारखी, आणि मग तांबूस पाणी, आणि मग स्वच्छ. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका उठल्या आणि भांडी आणायला आत गेल्या. बाजेवरच्या माणसानं टॉवेल काढून पहिल्यांदा डोळे उघडले.

त्यानंतर बरेच रविवार मी कुरुळीला जात राहिले. आसपासच्या रांगांमधले लोकही यायला लागले. त्यांनीच नाव ठेवलं, भाडेकरूंची शाळा. आक्का दर वेळी पुढं बसायची. तिच्या मुलानं फॅमिल्या काढायचा विषय सोडला असं नाही, पण उन्हाळ्यापर्यंत थांबायचं कबूल केलं आणि करार करून द्यायला लागला. आक्का मला एकदा म्हणाली, "आदी मी बी आडनाव इचारायची. आता आधारकार्ड बगते." आणि मग स्वतःच हसली, "त्याच्यावर बी आडनाव असतंच म्हना." मीही हसले. नंतर रिक्षात बसल्यावर मला ते हसू जड झालं, आणि तरी तिच्यावर रागही धरता येईना.

शाळेत एक मुलगी यायची. परभणीकडची, चाकणच्या एका कंपनीत लॅबमध्ये टेस्टिंगला होती. आक्काच्याच रांगेत दोन मैत्रिणींबरोबर राहायची. मागं भिंतीला टेकून बसायची, कधी काही विचारायची नाही. एका रविवारी सगळे उठून गेल्यावर ती तशीच बसून राहिली.

"ताई, एक विचारू का?"

तिची आई गावी एकटी होती. गुडघे गेलेले. आईला इकडं आणायचं म्हणून ती लिफ्ट असलेलं घर शोधत होती. चऱ्होलीत नव्या सोसायटीत एक फ्लॅट मिळाला. एजंटनं दाखवला, तिला आवडला, मालकाशी फोनवर बोलणं झालं, सगळं ठरलं. सोसायटीच्या ऑफिसात भाडेकरूची माहिती द्यावी लागते, ती दिली. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन. मालकाचा भाचा राहायला येतोय. सॉरी.

"एजंटला मी विचारलं, खरं सांगा. तर म्हणला, मॅडम, तुम्ही हुशार आहात." ती सतरंजीच्या दशा वळत होती. "कारण कुणीच सांगितलं नाही, ताई. पण मला कळलं. हे कळलेलं आहे ना, ते कुठं सांगायचं असतं?"

संध्याकाळ होत आली होती. ज्वारीवरून गार वारा येत होता. माझे वडील कुठल्यातरी गल्लीत पुढं चालत होते आणि मला त्यांची पाठ दिसत होती, असं मला तेव्हा वाटलं. अगदी स्पष्ट, घामानं ओली झालेली. मी ज्वारीकडंच बघत बसले असेन, कारण तिनं विचारलं, "रागावलात का?"

मी तिला खरं तेच सांगितलं. पाणी तोडलं तर जेवढा सरळ कायदा सांगता येतो, तेवढा सरळ इथं नाही. जातीवरून कुणी अपमान केला, बहिष्कार टाकला तर कायदा कडक आहे. पण घर देणारा माणूस हसून "भाचा येतोय" म्हणाला, तर ते सिद्ध करणं अवघड. संविधान आपल्या बाजूला आहे, पण एजंटच्या फोनमध्ये ते वाजत नाही. एक गोष्ट मात्र पक्की आहे. फ्लॅट मालकाचा आहे. कुणाला भाड्यानं द्यायचा हे तो ठरवेल. सोसायटीला कळवावं लागतं; सोसायटीनं परवानगी द्यायची नसते आणि नाकारायचीही नसते.

"मग नाकारलं कुणी? मालकानं की सोसायटीनं?" तिनं विचारलं.

"ते विचारायला जाऊ या," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी आमचं जायचं ठरलं. ती, मी आणि माझी मैत्रीण. रिक्षात बसताना बघतो तर आक्का आधीच आत बसलेली. इस्त्रीचं लुगडं, नाकात नथ.

"चऱ्होलीला चाललाय न्हवं? माझं माह्यार हाय ते," ती म्हणाली. "चला."

मोशीवरून रिक्षा वळली तशी ती बाहेर बघायला लागली आणि हळूहळू गप्प झाली. जिकडंतिकडं उंच इमारती, काही पूर्ण, काही हिरव्या जाळीत गुंडाळलेल्या, त्यांच्यामध्ये मध्येच मेथीचा एखादा वाफा. आम्ही सोसायटीच्या गेटपाशी उतरलो. वॉचमन नाव लिहून घेत होता आणि आक्का तिथंच उभी राहून जमिनीकडं बघत होती.

"ह्यो आमचा मळा," ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही. ती सरळ आत चालायला लागली. पार्किंगच्या रांगांमधून, कारंज्याला वळसा घालून, जणू तिला पायाखालच्या वाटा दिसत होत्या. "हितं हरबरा असायचा. हितं पेरूचं झाड, फांद्या आंब्यावानी जाड. मी त्यावर झोपायची." एका खांबापाशी ती थांबली. तिथं एक लाल गाडी उभी होती. "हीर हुती हितं. पायऱ्यांची." तिनं खांबाला हात लावला. आम्ही तिघी तिच्या मागं मागं. वरच्या गॅलऱ्यांमधून कपडे हलत होते, कुणाच्या तरी घरातून फोडणीचा वास येत होता, आणि मला क्षणभर वाटलं की पाणी खाली कुठंतरी अजून आहे आणि आम्ही त्याच्यावरून चालतोय.

सोसायटीचं ऑफिस क्लब हाऊसच्या शेजारी होतं. चेअरमन आणि सेक्रेटरी दोघं बसले होते. माणसं सभ्य. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं.

"मॅडम, आमचा कुणालाच विरोध नाही," सेक्रेटरी म्हणाले. "इथं सगळे फॅमिलीवाले राहतात, एक वातावरण आहे, एवढंच."

"मी आणि माझी आई राहणार," मुलगी म्हणाली. "ही फॅमिली नाही का?"

"तसं नाही हो."

"मग कसं आहे?"

ती हे अगदी हळू म्हणाली. चेअरमन ग्लास उचलून पाणी प्यायले, जे त्यांनी आमच्यासाठी मागवलं होतं.

मी म्हणाले, "विरोध नसेल तर प्रश्नच मिटला. मालकांना आत्ता फोन लावू या. तुमच्यासमोर."

मुलीनं फोन लावून टेबलावर ठेवला, स्पीकर चालू करून. मालक साताऱ्याकडचे निवृत्त शिक्षक होते. आवाज खणखणीत, थोडा वैतागलेला. मुलीनं नमस्कार करून विचारलं, "सर, तुमचा भाचा आला का राहायला?"

"कोण भाचा? मला भाचाच नाही," ते म्हणाले. "मला तर सोसायटीतून सांगितलं, त्या मुलीला देऊ नका, बाकीच्या मेंबरना चालणार नाही, उद्या तुम्हालाच त्रास होईल. एजंट म्हणाला, मी काहीतरी सांगून निभावतो. का, काय झालं?"

सेक्रेटरींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी शांतपणे फोनच्या दिशेनं वाकून मालकांना सांगितलं, की सोसायटीला फक्त कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. मी कोण, हेही सांगितलं. ते म्हणाले, "असं आहे होय? मला कुणी बोललं नाही हे."

तेवढ्यात आक्का बोलली. तिला फोन, मालक, भाचा यातलं किती समजलं होतं कोण जाणे. ती सेक्रेटरींकडं बघत होती.

"तुमी कुठलं, भाऊ?"

"मी? आम्ही मूळचे जळगावचे."

"मी हितली. ह्या तुमच्या टेबलाखाली माझ्या बापाचा मळा हाय." तिनं बोट खाली केलं. "तुमी आलात, ऱ्हायलात, आमी न्हाई म्हनलं न्हाई. आन् हिला न्हाई म्हनायचं तुमी ठरवता व्हय?"

चेअरमन म्हणाले, "आजी, तुमचा गैरसमज होतोय."

"व्हय, झाला असंल," आक्का म्हणाली आणि तिनं पदर डोक्यावर घेतला.

फोनमधून मालकांचा आवाज आला. "मुली, आहेस ना? चावी एजंटकडं आहे. मी त्याला सांगतो. करार ऑनलाइन होतो म्हणतात, तू बघ ते. आणि चेअरमनसाहेब ऐकत असतील तर त्यांना सांग, त्रास द्यायचा असेल तर मला द्या, मला वेळ आहे."

बाहेर आलो तेव्हा मुलीला रडू येईल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. ती म्हणाली, "ताई, भूक लागली." गेटबाहेर गाडीवर आम्ही वडापाव खाल्ले. आक्कानं दोन खाल्ले आणि म्हणाली, मिरची तिखट न्हाई. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी येत होतं. मैत्रिणीनं ते बघितलं आणि पाण्याची बाटली पुढं केली.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. मुलगी राहायला गेल्यावर समोरच्या घराचं दार बरेच दिवस तिला बघितलं की लागायचं. तिच्या आईनं लिफ्टमध्ये केलेला नमस्कार कुणीतरी मोबाइलमध्ये बघत बघत चुकवला. सेक्रेटरींनी तिच्या स्कूटरला पार्किंग नाही म्हणून दोनदा हटकलं. तिनं करार काढून दाखवला, मग ते थांबले. पुढं खालच्या मजल्यावरची एक बाई तिच्या आईकडं बसायला यायला लागली, तिचेही गुडघे दुखायचे. दोघींची ओळख औषधाच्या तेलावरून झाली. त्या पलीकडं काही फार बदललं, असं मला दिसलं नाही. पण मुलगी तिथं राहते. आईला सकाळचं ऊन मिळतं.

कुरुळीच्या रांगेतल्या फॅमिल्या उन्हाळ्यात वेगवेगळ्या ठिकाणी गेल्या. माझी मैत्रीण मोशीला गेली, तिथं तिनं खोली ठरवताना मालकासमोर बसून पावतीचं आधी बोलून घेतलं आणि मला फोन करून सांगितलं, "तो माणूस म्हणाला, बाई, तुम्ही वकील आहात का? मी म्हटलं, शाळेत जाते." शाळा आता दुसऱ्या अंगणात भरते. आक्का तिथंही येते, तिचा मुलगा गाडीतून सोडतो आणि बाहेर गाडीतच बसून राहतो.

पाऊस उघडल्यावर मुलीनं आम्हाला जेवायला बोलावलं. तिच्या आईनं ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत केलं होतं. आक्का लिफ्टमध्ये चढायला तयार नव्हती. शेवटी डोळे मिटून, माझा दंड घट्ट धरून आली. जेवण झाल्यावर ती गॅलरीत गेली आणि तिथंच थांबली. खालून इंद्रायणी जात होती, भरलेली, मातकट. पलीकडं गाव, देवळाचा कळस, उरलेली शेतं, मग पुन्हा इमारती, सगळं मऊ उन्हात धूसर झालेलं. आपलं गाव इतक्या वरून तिनं कधीच बघितलं नव्हतं.

"नदी एवढी वळती व्हय?" ती म्हणाली. "मला सरळ वाटायची."

मुलीची आई गुडघ्यांवर हात ठेवत तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिनं विचारलं, "आक्का, हितून परभणी कुनीकडं आली म्हनावं?"

आक्कानं थोडा विचार केला. मग मोठ्या खात्रीनं हात लांबवून नदीच्या पलीकडं दाखवलं. "ती काय तिकडं. आळंदीच्या पल्याड."

दोघी त्या दिशेला बघत राहिल्या. आत मुलीनं चहा गाळून कप मांडले, हाक मारली, पुन्हा मारली. त्या काही वळल्या नाहीत. मग आम्हीच आमचे कप घेतले आणि त्यांच्या चहावर बशा झाकून ठेवल्या.